संगणकीय संगीतसंग्रह : सांगली–मिरज परिसर

संगणकीय संगीतसंग्रह : तबकडी, कॅसेट, सीडी किंवा प्रत्यक्ष मैफल यांतील संगीत फाइलींच्या रूपाने संगणकात उतरवणे, त्या फाइलींना नावनिशी जोडणे, त्या लावणे व वाजवणे आणि टिकवून ठेवणे, असा हा सर्व व्यवहार आहे. तो सर्वत्र चालतो. पण सांगली जिल्ह्यात, विशेषतः मिरजेत, त्याला वेगळे वजन आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेत स्थायिक झाले होते व तेथेच त्यांचे दफन झाले. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या निमित्ताने दरवर्षी संगीतसभा होते. तंबोरे व सतारी घडवणाऱ्या कारागिरांची परंपरा सामान्यतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मानली जाते. सांगलीला विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या नाट्यप्रयोगापासून नाटकाचा वारसा आहे. त्यामुळे येथील घरांतून निघणाऱ्या जुन्या तबकड्या व कॅसेटांमध्ये ख्याल, ठुमरी आणि नाट्यपदे यांचा भरणा असतो. ही नोंद मुख्यतः त्याच संगीताला धरून आहे.

आरंभ : अशा संग्रहाची सुरुवात कधीपासून धरावी याविषयी एकमत नाही. काहीजण सीडी बाजारात आली ते १९८२ हे वर्ष धरतात, कारण त्या वेळी ध्वनी अंकरूपाने घराघरांत पोहोचला. मात्र सीडी ही तबकडीच होती, संगणकाशी तिचा संबंध नव्हता. दुसरे मत एमपी३ चे प्रमाणक प्रसिद्ध झाले त्या १९९३ सालाकडे बोट दाखवते, मात्र फाइलींना आधीच्या ‘.bit’ऐवजी ‘.mp3’ हे शेपूट लावायचे ठरले ते जुलै १९९५ मध्ये. तिसरे मत विनॅम्प (१९९७) हे एमपी३ वाजवण्याचे सॉफ्टवेअर व नॅपस्टर (१९९९) ही फाइलींच्या देवाणघेवाणीची सेवा यांच्या प्रसारापासून मोजते. यांपैकी १९९५ ते १९९७ हा काळ अधिक ग्राह्य वाटतो. त्या सुमारास घरगुती संगणकाची डिस्क साधारण एक-दोन गिगाबाइटांची असे आणि एकच सीडी तशीच उतरवली तर ६५० मेगाबाइट खाई. १२८ किलोबिट दराच्या एमपी३ मुळे तोच ऐवज सुमारे अकरापट लहान झाला. संग्रह शक्य झाला तो या आकुंचनामुळे.

सीडीचा ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, असा साठवला जातो. या आकड्याच्या उगमाबद्दलही दोन स्पष्टीकरणे आढळतात. पहिले श्रवणशास्त्रीय : माणसाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येते, म्हणून किमान ४० हजार नमुने हवेत आणि गाळणीसाठी (फिल्टर) थोडी जास्तीची जागा हवी. त्यातून ४० हजारांहून थोडा मोठा आकडा निघतो, नेमका ४४,१०० निघत नाही. दुसरे स्पष्टीकरण यंत्रातून येते. प्रारंभी अंकीय ध्वनी व्हिडिओ टेपवर नोंदत. ५२५ रेषांच्या व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला ६० क्षेत्रे (फील्ड), प्रत्येकात वापरण्याजोग्या २४५ रेषा आणि दर रेषेत ३ नमुने, म्हणजे ४४,१००. ६२५ रेषांच्या पद्धतीत ५० × २९४ × ३ केले तरी उत्तर तेच. आकड्याची नेमकी निवड यामुळे झाली, हे मत जास्त पटणारे आहे.

उतरवणे : सीडीचे काम सरळ असते, कठीण ती जुनी तबकडी. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या १० इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन ते साडेतीन मिनिटे ध्वनी मावतो. तिच्या खाचा रुंद असल्याने सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखर वाढते. तबकडी एकमार्गी (मोनो) असल्याने डावा व उजवा मार्ग एकत्र केल्यास सुईच्या उभ्या हालचालीतून येणारा बराचसा गोंगाट कमी होतो. आजच्या प्रवर्धकांत (अॅम्प्लिफायर) बसवलेले स्वरसंतुलन (इक्वलायझेशन) १९५४ च्या एलपी-प्रमाणानुसार असते. ते ७८ च्या तबकडीस लागू पडत नाही, म्हणून ते काढून नव्याने संतुलन साधावे लागते.

याहून महत्त्वाचा प्रश्न वेगाचा आहे. जुन्या तबकड्या नेहमी ७८ फेऱ्यांवरच कोरल्या गेल्या असे नाही. ८० फेऱ्यांवर कोरलेली तबकडी ७८ वर वाजवली तर सूर सुमारे ४४ सेंटांनी (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरतो, म्हणजे जवळजवळ पाव स्वराने. ७६ वर कोरलेली तेवढ्याच अंतराने चढते. गायक काळी एकमध्ये गात होता की पांढरी दोनमध्ये (या पट्ट्यांत अर्ध्या स्वराचेच अंतर असते), यावर त्याच्या आवाजाच्या जातीचे आणि घराण्याच्या स्वरलगावाचे निष्कर्ष काढले जातात, तेव्हा हा फरक किरकोळ राहत नाही. अब्दुल करीम खाँसारख्या गायकाच्या बाबतीत, जेथे सुराची सूक्ष्मता हेच मुख्य वैशिष्ट्य मानतात, तेथे वेग ठरवल्याशिवाय फाइल पूर्ण झाली असे म्हणू नये. हार्मोनियमची साथ असल्यास तिच्या पट्टीवरून अंदाज बांधता येतो; तोही निर्णायक नसतो, कारण हार्मोनियम कोणत्या मूळ सुरात लावलेली होती हे ठाऊक नसते. म्हणून मूळ उतरवलेली प्रत तशीच ठेवावी, वेग दुरुस्त केलेली प्रत वेगळी करावी आणि किती बदल केला ते नोंदीत लिहावे.

कॅसेटला वेळ तेवढाच लागतो : ९० मिनिटांची कॅसेट ९० मिनिटांतच उतरते. टेपरेकॉर्डरची लाइन-आउट संगणकाच्या लाइन-इनला जोडावी, माइकच्या छिद्रात घालू नये. ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर बहुतेकांना पुरते. हेडचा कोन बिघडलेला असेल तर वरचे स्वर बुजतात. उतरवण्याआधी हेड साफ करून कोन कानाने जुळवावा. महाबळेश्वर, जावळी, पाटण या पावसाच्या पट्ट्यात फितीवर बुरशी धरते, तर जत, आटपाडी, माण भागात धूळ हा मोठा शत्रू असतो.

जपणुकीसाठीची प्रत न दाबलेल्या स्वरूपात किंवा फ्लॅकमध्ये ठेवावी. फ्लॅक (२००१) ध्वनीचा एकही अंश न टाकता फाइल साधारण निम्म्यावर आणते. एमपी३ कानाला जे जाणवणार नाही असे गृहीत धरलेले अंश काढून टाकते. हे गृहीत बहुतेक संगीतात टिकते. तंबोऱ्याच्या बाबतीत कमी टिकते. जवारीमुळे, म्हणजे घोडीच्या पृष्ठाला दिलेल्या घाटामुळे, तंबोऱ्याच्या एका तारेतून वरच्या उपस्वरांची जी सतत हलती रांग उमटते, तिचा वरचा भाग कमी दराच्या एमपी३ मध्ये छाटला जातो आणि उरलेला किंचित थरथरतो. मिरजेत वाद्याची जवारी काढणाऱ्या कारागिराच्या कानाला हा फरक लगेच कळावा. ऐकण्यासाठी ३२० किलोबिटची एमपी३ चालते.

नोंद व नावनिशी : फाइलीच्या पोटात लिहायच्या माहितीस टॅग म्हणतात. एमपी३ साठीची पहिली टॅगपद्धती १९९६ ची. फाइलीच्या शेवटी फक्त १२८ बाइट : ओळखीचे ३, शीर्षक ३०, कलाकार ३०, अल्बम ३०, साल ४, टीप ३० आणि प्रकार १. या चौकटीत देवनागरीची कल्पनाच नव्हती. यूटीएफ-८ या युनिकोड अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते. ‘अब्दुल करीम खाँ’ एवढे नावच ४१ बाइटांचे होते, म्हणजे कलाकाराच्या रकान्यात मावत नाही. त्यातच १९९० च्या दशकात मराठी मजकूर स्वतंत्र फाँटांत टंकित होई. हे फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवत, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर त्याच नावाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. १९९८ नंतरच्या दुसऱ्या पिढीच्या टॅगांत लांबीची अडचण गेली व युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची सामाईक चिन्हसंहिता) आला. यूटीएफ-८ ची सोय २००० च्या आवृत्तीत झाली. तरी जुन्या संग्रहातली नावे हाताने पुन्हा टंकित करावी लागतात. ते काम करण्याजोगे आहे.

लांबीपेक्षा रचनेची अडचण खोल आहे. गाणे, कलाकार, अल्बम ही त्रयी पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताला साजेशी. पहिल्या टॅगपद्धतीच्या ८० प्रकारांत ख्याल, ठुमरी, नाट्यपद, लावणी यांपैकी काहीच नव्हते. ‘मानापमान’ (१९११) नाटकातले एखादे पद घ्या : शब्द कृ. प्र. खाडिलकरांचे, चाल गोविंदराव टेंब्यांची, रंगभूमीवर गाजवले बालगंधर्वांनी आणि हातातली फाइल मात्र तिसऱ्याच कुणाच्या मैफलीची. ‘कलाकार’ या एका रकान्यात यांतले कोण लिहायचे? गायक तेथे लिहावा, गीतकार व संगीतकार यांचे रकाने दुसऱ्या पिढीच्या टॅगांत आहेत ते वापरावेत आणि नाटक, राग, ताल, पट्टी यांसाठी स्वतःचे रकाने जोडावेत. तबकडी असेल तर लेबलजवळ कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक अवश्य लिहावा. तबकडीची ओळख पटवण्यास तो लेबलावरील नावापेक्षा भरवशाचा असतो. लेबलावर छापलेला राग आणि प्रत्यक्ष गायलेला राग कधीकधी जुळत नाहीत. तेथे दोन्ही लिहावेत, एक खोडून दुसरा लिहू नये.

आडनावावरून लावलेले फोल्डर घराणे फोडतात. सुरेशबाबू माने व हिराबाई बडोदेकर ही अब्दुल करीम खाँची मुले. आडनावानुसार तिघे तीन टोकांना जातात. फोल्डर साधे ठेवून घराण्याची माहिती टॅगमध्ये देणे बरे. मालकंस–मालकौंस, भीमपलास–भीमपलासी अशा जोड्यांत एकच रूप ठरवून ते शेवटपर्यंत पाळावे.

वाजवणे : व्हीएलसी, फूबार२००० इत्यादी सॉफ्टवेअर परिचित आहेत. विलंबित व द्रुत ख्याल वेगळ्या ट्रॅकवर असल्यास एमपी३ मध्ये मधे क्षणभर खंड पडू शकतो. फ्लॅकमध्ये तो टळतो.

जतन : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी हा संकेत सर्वमान्य आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट धरतात; २००५, २०१९ व २०२१ च्या पुरांत नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. तिसरी प्रत विटा किंवा जतसारख्या गावी ठेवावी.

हक्क : भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. शब्द व चाल यांचा हक्क वेगळा असून तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असतो. म्हणून तबकडी मुक्त झाली तरी पद मुक्त असेलच असे नाही.

लोकसंगीत : कृष्णाकाठची लावणी व तमाशा, वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथील पठ्ठे बापूरावांची परंपरा, पालीच्या खंडोबाचे जागरण, माण–खटावच्या धनगरी ओव्या यांची बरीच मुद्रणे घरगुती कॅसेटांवर व पुढे मोबाइल दुकानांत भरून घेतलेल्या मेमरी कार्डांवर आहेत. त्यांना अल्बम नसतो, प्रकाशनवर्ष नसते. फाइलीचे नाव ‘ट्रॅक ०१’ एवढेच. येथे गायकाचे नाव, गाव, प्रसंग, मुद्रण करणाऱ्याचे नाव व निदान अंदाजे साल लिहून घ्यावे, आणि ते सांगू शकणारी माणसे हयात असतानाच.