नागाचा दंश आणि मण्यारीचा दंश: लकवा एकसारखा दिसतो, उपचार वेगळे चालतात

विषारी साप चावला की नाही हे ठरवायची आपली मोजपट्टी नागाने घालून दिलेली आहे. दाताच्या दोन ठळक खुणा, ठणका, चढत जाणारी सूज. हे दिसलं की घरचे धावपळ करतात, दिसलं नाही तर "बिनविषारी असेल" म्हणून गप्प बसतात. मण्यारीच्या दंशाने माणसं दगावतात त्यामागे विषाइतकाच या मोजपट्टीचा हात आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन्ही साप विषारी, दोन्हींचं विष मज्जासंस्थेवर काम करतं, दोन्हींत शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडून मृत्यू येतो. त्यामुळे पुस्तकात दोघांची नावं एकाच रकान्यात येतात. रुग्णाच्या खाटेशी उभं राहिलं की मात्र फरक पडत जातो.

नाग बहुधा दिवसा किंवा संध्याकाळी चावतो. गवत कापताना, उंदराच्या बिळाजवळ, कोंबड्यांच्या खुराड्यात हात घालताना. फणा काढलेला असतो, चार जणांनी पाहिलेला असतो. चावल्या जागी आग होते, सूज येते, पुढे कातडी काळी पडून सडू लागते. अर्ध्या तासापासून दोनेक तासांत पापण्या जड होतात. माणूस घाबरलेला असतो, पण निदान उपचाराच्या रस्त्याला तरी लागलेला असतो.

मण्यार रात्रीची फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. दंश इतका हलका की कित्येकांना जागही येत नाही. जाग आलीच तर मुंगी किंवा डास चावला असं वाटून कूस बदलून झोपतात. सूज नाही, खूण भिंगाखालीही सापडेल याची खात्री नाही. मग पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घसा दुखतो, गिळताना त्रास होतो. घरचे ओवा देतात, दवाखान्यात अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन मिळतं, आणि उजाडेपर्यंत रुग्णाचे डोळे उघडेनासे होतात.

इथे जरा थांबून त्या चेहऱ्याकडे नीट पाहायला हवं. रुग्णाला "वर बघ" म्हटलं की पापण्या वर जात नाहीत, म्हणून तो कपाळाला आठ्या घालतो आणि मान मागे टाकून अर्धवट उघड्या फटीतून तुमच्याकडे पाहतो. त्याला झोप आलेली नाही, दारू प्यायलेला नाही, आणि नाटक तर मुळीच करत नाही. पाठीवर झोपवून डोकं उचलायला सांगा. मानेत बळ नसेल तर डोकं उशीवरून सुटत नाही. एका श्वासात एक, दोन, तीन मोजायला लावा. अर्ध्या तासापूर्वी जो वीसपर्यंत जात होता तो आता बाराला थांबला, तर श्वासाचे स्नायू हात टेकू लागले आहेत. रक्तातला ऑक्सिजन मोजणारं बोटाचं यंत्र तेव्हाही अठ्ठ्याण्णव दाखवत असतं. आकडा घसरण्याची वाट पाहिली तर श्वासनलिकेत ट्यूब टाकायला फार थोडी मिनिटं उरतात.

फरकाचं मूळ मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात त्या सांध्यात आहे. तंतूच्या टोकातून संदेश वाहणारं रसायन अ‍ॅसिटाइलकोलीन सुटतं, ते पलीकडे स्नायूवरच्या ग्राहकांवर, म्हणजे ते पकडणाऱ्या जागांवर (रिसेप्टर), बसतं आणि स्नायू आकुंचन पावतो. नागाचं विष पलीकडचे ग्राहक अडवून धरतं. तंतू शाबूत असतो, संदेशही सुटत असतो, त्याला जागा मिळत नाही एवढंच. म्हणून अ‍ॅसिटाइलकोलीनचं प्रमाण वाढवणारं निओस्टिग्मिन उपयोगी पडतं. प्रौढाला आधी अ‍ॅट्रोपिन 0.6 मिलिग्रॅम, मग निओस्टिग्मिन 1.5 मिलिग्रॅम देतात आणि तासभर पापण्यांवर नजर ठेवतात. नागाच्या दंशात पापण्या उचलल्या जाताना खरोखर दिसतात.

मण्यारीच्या विषातलं बीटा-बंगारोटॉक्सिन अलीकडे, तंतूच्या टोकावरच घाव घालतं. अ‍ॅसिटाइलकोलीनचा साठा संपतो, टोक निकामी होतं. सुटायलाच काही उरलेलं नसल्यावर निओस्टिग्मिन काय करणार? तपासणीपुरतं देऊन पाहावं, प्रतिसाद नसेल तर थांबावं. शरीर नवं टोक तयार करेपर्यंत दिवस, कधी आठवडेही जातात, आणि तोवर श्वास यंत्राने द्यावा लागतो.

याच कारणाने प्रतिसर्पविषाकडूनही, म्हणजे विष निष्प्रभ करणाऱ्या लशीकडूनही, दोन्हीकडे सारखी अपेक्षा ठेवता येत नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांविरुद्ध एकत्रच असते. एक मिलिलिटर लस नागाचं 0.6 आणि मण्यारीचं 0.45 मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते, असं प्रमाण ठरलेलं आहे. लकव्याची लक्षणं दिसताच दहा कुप्या, तासा-दोन तासांत सुधारणा नसेल किंवा लक्षणं वाढत असतील तर आणखी दहा. बहुतेक ठिकाणी वीसच्या पुढे जात नाहीत. श्रीलंकेत मण्यारीच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात लशीनंतर रक्तात विष सापडेनासं झालं, तरी लकवा टिकून राहिला. झालेली मोडतोड लस दुरुस्त करत नाही, मोकळं फिरणारं विष तेवढं पकडते. यावरून मण्यारीला लस नको असा अर्थ कुणी काढू नये. ती जितकी लवकर मिळेल तितकी कामाची, आणि उशीर झाला तर जीव व्हेंटिलेटरच्या भरवशावर राहतो.

मण्यारीची सगळ्यात भीषण बाजू अतिदक्षता विभागात दिसते. रुग्ण निपचित, हात-पाय हलत नाहीत, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, टॉर्च मारली तरी आकसत नाहीत. मेंदू मृत झाल्यासारखं हुबेहूब चित्र. प्रत्यक्षात तो शुद्धीवर असू शकतो, खाटेशेजारचं बोलणं ऐकत असू शकतो. अशा रुग्णाच्या नातेवाइकांना "आता काही उरलं नाही" असं सांगणं म्हणजे जिवंत माणसाला सोडून देणं. पायाच्या अंगठ्याची किंचित हालचाल उरली असेल तर तिच्यावरून खूण ठरवता येते: हो असेल तर हलव. आणि सुई टोचण्याआधी त्याला सांगावं, कारण तो ऐकतो आहे.

या दोन दंशांची तुलना ग्रामीण भागात बसून करणाऱ्यांत महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचं नाव घ्यावंच लागेल. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरण्याच्या कामामुळे हिंमतराव जगभर माहीत आहेत, 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण नाग आणि मण्यारीच्या दंशांची लक्षणं आणि उपचार शेजारी-शेजारी मांडणारा त्यांचा 2004 सालचा निबंधही तितकाच वाचनीय आहे. जिथे रुग्ण पहिल्यांदा येतो तिथूनच हे ज्ञान आलं आहे, हे मला मोलाचं वाटतं.

नव्या संशोधनातही हा फरक डोकावतो. व्हॅरेस्प्लॅडिब हे गोळीच्या रूपात देता येणारं औषध फॉस्फोलायपेज ए-2 या विकराच्या (एन्झाइम) जातीच्या विषांना रोखतं आणि बीटा-बंगारोटॉक्सिन त्याच घराण्यातलं. भारत आणि अमेरिकेत 95 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2024 मध्ये आले. मुख्य कसोटीवर औषधाने लक्षणीय फरक दाखवला नाही, मात्र दंशानंतर पाच तासांच्या आत औषध मिळालेल्यांत आशादायक चिन्हं दिसली. नागाच्या विषात भर असतो तो तीन-बोटी विषांवर, म्हणजे ज्यांच्या रेणूचा आकार तीन बोटांसारखा असतो अशा विषांवर. त्यांतल्या लांब साखळीच्या विषांना रोखणारी एक प्रतिपिंड बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आणि परदेशी शास्त्रज्ञांनी मिळून शोधली, तीही 2024 मध्येच. ती अजून उंदरांपुरती आहे. प्रयोगशाळेतून तालुक्याच्या गावी यायला दोन्हींना वेळ लागेल.

आज रात्रीचा प्रश्न वेगळा आहे. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58,000 मृत्यू झाले असा अंदाज आहे. केंद्राने मार्च 2024 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला, 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं आणि सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला राज्यांना सांगितलं. आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र शाखा म्हणून 2009 मध्येच मान्यता मिळाली आहे, पण त्या शाखेचे तज्ज्ञ बहुतांश शहरांतच राहिले. मण्यारीचा रुग्ण पहाटे ज्याच्यासमोर येतो तो प्राथमिक आरोग्य केंद्रातला एकटा डॉक्टर असतो. लशीची रिअ‍ॅक्शन येईल या धास्तीने तो एकही कुपी न देता रुग्ण "पुढे" पाठवतो, हे वारंवार घडतं. ही धास्ती मी हलकी लेखत नाही. पण रिअ‍ॅक्शनला अ‍ॅड्रेनलिन आहे, स्नायूत अर्धा मिलिग्रॅम, सिरिंजमध्ये आधीच भरून ठेवायचं. वाटेत बंद पडलेल्या श्वासाला मात्र अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देणारी पिशवी) आणि ती दाबणारा हातच लागतो.

म्हणून पाठवायचंच झालं तर लस सुरू करून, 108 च्या गाडीत बॅग आणि ट्यूब टाकू शकणारा माणूस आहे याची खात्री करून पाठवावं. चिठ्ठीवर चार गोष्टी लिहाव्यात: जमिनीवर झोपला होता का, पहिलं लक्षण किती वाजता आलं, लस किती आणि कधी दिली, निघताना एका श्वासात कितीपर्यंत मोजत होता. खूण नाही, त्रास नाही, नुसता संशय आहे, अशा रुग्णालाही चोवीस तास ठेवून घ्यावं आणि तासातासाला पापण्या पाहाव्यात.

घरच्यांसाठी एवढंच: ब्लेड नाही, घट्ट दोरी नाही, साप मारून आणण्यात वेळ नाही. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि निघा. नेपाळच्या तराईत मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून रुग्ण नेण्याची व्यवस्था गावांनी केली, तेव्हा मृत्यू झपाट्याने घटले. तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना दंश कमी झाल्याचं दिसलं. पावसाळ्यात ज्यांना जमिनीवरच झोपावं लागतं त्यांनी मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली चहूबाजूंनी खोचून घ्याव्यात.