रांगतं मूल आणि मुंबईतलं घर: आधी काय बसवावं, नंतर काय

बाळ पालथं पडायला लागलं की बहुतेक घरांतून आम्हाला पहिला फोन येतो तो टेबलाच्या कोपऱ्यांना लावायच्या रबरी टोप्यांसाठी. त्या आमच्याकडे मिळतात, बसवूनही देतो. पण कोपरा लागला तर टेंगूळ येतं आणि ते दोन दिवसांत उतरतं. खिडकी, पाणी, वीज आणि गिळलेली वस्तू या चार गोष्टींत मात्र चूक सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून हे माहितीपत्रक त्या क्रमाने लिहिलं आहे. तुमचा खर्चही त्याच क्रमाने व्हावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कुठलंही कुलूप किंवा फाटक मुलाला कायमचं अडवत नाही. तुम्ही ओट्यापासून मुलापर्यंत पोचेपर्यंतचे पाच-दहा सेकंद ते मिळवून देतं, त्याचं काम तेवढंच. मुलावर लक्ष ठेवणारं माणूस घरात हवंच.

खिडकी आणि गॅलरी

मुंबईत जवळजवळ प्रत्येक खिडकीला ग्रिल असतं, त्यामुळे खिडकीची काळजी मिटली असं घरच्यांना वाटतं. आम्ही घरी आलो की मोजपट्टी पहिल्यांदा तिथेच लावतो. दोन गजांमधलं अंतर १० सेंटिमीटरपेक्षा कमी हवं. त्याहून जास्त असेल तर लहान मुलाचं अंग त्यातून निघून जातं आणि डोकं अडकतं, किंवा डोकंही जातं. गज उभे असावेत. आडव्या पट्ट्यांवर पाय ठेवून दीड वर्षाचं मूल सहज वर चढतं. आडव्या पट्ट्यांचं सुंदर नक्षीचं ग्रिल आधीच लावलेलं असेल तर ते काढायची गरज नाही. आतून बारीक भोकांची जाळी बसवली की पायाची बोटं रुतायला जागा राहत नाही.

भिंतीच्या बाहेर काढलेलं बॉक्स ग्रिल हा वेगळाच विषय. घरात जागा नाही म्हणून तिथे कुंड्या, जुने डबे, गाद्या असं बरंच काही जातं, आणि मुलालाही ती बसायची जागा वाटते. ग्रिलचा सगळा भार भिंतीत रोवलेल्या टोकांवर असतो. चार-पाच पावसाळे गेले की नेमकी तीच टोकं गंजतात. वरळी, वांद्रे, वर्सोवा अशा समुद्राजवळच्या घरांत हे आणखी लवकर होतं. वरून ऑइलपेंट चकचकीत असतो आणि आतलं लोखंड पापुद्र्यांसारखं सुटलेलं असतं. दोन्ही हातांनी गज धरून ग्रिल हलवून बघा. भिंतीजवळ किंचितही कुरकुर झाली तर आधी वेल्डरला बोलवा. आमचं साधन त्यावर बसवून काही उपयोग नाही, आणि अशा ग्रिलवर आम्ही काम घेतही नाही.

कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी म्हणजे मुलासाठी संरक्षण नव्हे. ती पक्षी अडवायला असते, वजन पेलायला नाही. उन्हाने तिचा धागा कुजतो, आणि ती छोट्या हुकांवर टांगलेली असते. गॅलरीला जाळी आहे म्हणून मुलाला तिथे एकटं सोडू नका.

नव्या टॉवरमध्ये बाहेरून ग्रिल लावायला सोसायटी बहुतेक वेळा परवानगी देत नाही. तिथे स्टीलच्या ताणलेल्या बारीक तारा बसवता येतात. त्यात साधारण पाच-पाच सेंटिमीटर अंतर ठेवतात. मात्र तारांचा ताण वरचेवर तपासावा लागतो, कारण सैल तारा हाताने फाकतात. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीला आतल्या पट्टीत एक स्टॉपर लावला की ती १० सेंटिमीटरच उघडते. हवा येते, मूल जात नाही. खर्च किरकोळ आणि उपयोग मोठा असं आमच्याकडचं हे सगळ्यात चांगलं साधन आहे, पण त्याच्यासाठी कोणीच फोन करत नाही.

खिडकीखाली काय आहे तेही बघा. प्लास्टिकचं स्टूल, टीपॉय, सोफ्याचा हात, सगळ्याचाच जिना होतो. वन रूम किचनमध्ये दिवाण खिडकीला लावण्यावाचून पर्याय नसतो हे आम्ही रोज पाहतो. अशा घरात दिवाण हलवा असं सांगण्यात अर्थ नाही. तिथे खिडकीचं काम सर्वात आधी आणि सर्वात पक्कं करायचं.

चाळीत कठडा सामाईक असतो, त्यामुळे शेजाऱ्यांशी बोलून घ्या. आतल्या बाजूने जमिनीपासून कठड्याच्या वरच्या दांडीपर्यंत ॲक्रिलिकची शीट किंवा बारीक जाळी लावता येते. ती काढता येईल अशी बसवतो, म्हणजे मालकाची किंवा दुरुस्तीवाल्यांची हरकत येत नाही.

आणि हे विसरू नका: ग्रिल पूर्ण बंद नको. आग लागली तर बाहेर पडायला त्यात उघडणारी खिडकी हवी. तिचं कुलूप मुलाच्या हाताला न लागेल इतक्या उंचीवर, किल्ली शेजारच्याच खिळ्याला, आणि ती कुठे आहे हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक.

पाणी

बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. बादलीत वाकून बघताना तोल गेला की त्याला परत वर येता येत नाही. चार बोटं पाणीही पुरतं, आणि आवाज होत नाही. बादल्या रिकाम्या ठेवा असा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. पण ज्या घरात नळाला ठरावीक वेळीच पाणी येतं तिथे बादल्या आणि पिंप भरलेलेच असणार. म्हणून पाणी टाकून देण्यापेक्षा मुलाला बाथरूमच्या बाहेर ठेवणं जास्त जमण्यासारखं आहे. दाराला बाहेरून, मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर कडी लावा. पिंपाला फिरवून बसणारं किंवा चिमट्याचं झाकण घ्या, नुसतं वर ठेवलेलं ताट नको. न्हाऊ घालताना फोन वाजला तर वाजू द्या.

बादलीत सोडायचा हीटरचा रॉड ज्या घरात मूल आहे तिथे नको. आम्ही इतकं ठाम क्वचितच बोलतो. गिझर असेल तर तो ५० अंशांच्या आसपास ठेवा. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांतच खोलवर भाजतं, आणि मुलाची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असते. भाजलंच तर २० मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका.

वीज

ऑनलाइन मिळणारी चपट्या पिनांची झाकणं आपल्या गोल भोकांत बसत नाहीत, किंवा सैल बसतात. सैल झाकण मूल नखाने काढतं आणि तोंडात घालतं, म्हणजे एकाऐवजी दोन धोके. आपल्याकडे छोट्या आणि मोठ्या पिनांची भोकं वेगवेगळ्या मापाची असतात, म्हणून झाकणंही मापाचीच हवीत. त्याहून चांगला उपाय म्हणजे खालच्या बोर्डावरची जुनी सॉकेट काढून आतून पडद्याची बसवणं. अशा सॉकेटमध्ये एकाच भोकात केसांची पिन खुपसली तर पडदा सरकत नाही. रंगकामाच्या वेळी इलेक्ट्रिशियन घरात असतोच, तेव्हाच हे करून घ्या.

मीटरजवळच्या बोर्डात आरसीसीबी आहे का ते बघा. साधा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, तो माणसाला वाचवत नाही. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी अंगातून वीज जमिनीत जायला लागताच पुरवठा तोडतो. त्यावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबा, खटका पडला पाहिजे. हे आम्ही विकत नाही, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. पण आमच्या सगळ्या झाकणांपेक्षा ते आधी हवं.

तोंडात जाणारं सगळं

बटणासारखे चपटे सेल आता घरभर असतात: छोटे रिमोट, वजनकाटा, गाडीची किल्ली, गाणारी खेळणी, आणि दिवाळीत लावतो त्या एलईडी पणत्या. रुपयाच्या नाण्याएवढा लिथियमचा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर जखम होते. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर चिकटपट्टीने ते बांधून टाका. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, केळं खायला घालून वाट बघू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जाऊन एक्स-रे काढा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

शेंगदाणे, फुटाणे, सुपारीचे तुकडे चार वर्षांपर्यंत नकोत. चिवड्याचा डबा पाहुण्यांसमोर उघडला की दाणे जमिनीवर पडतातच, पाहुणे गेले की केर काढा. फिनेल, ॲसिड, रॉकेल कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरू नका. डांबरगोळ्या आणि मच्छर पळवणाऱ्या लिक्विडची बाटली यांचीही गणना विषातच करा.

सिंकखालच्या कपाटाला चुंबकाचं कुलूप बसतं. ते छान चालतं, पण घरात सांधे दुखणाऱ्या आजी असतील तर त्यांना चुंबक धरून दार ओढणं जड जातं आणि मग कुलूप उघडंच राहतं. म्हणून बसवण्याआधी आम्ही ते आजींच्या हातात देऊन बघतो. फिनेलची बाटली वरच्या फळीवर नेल्याने काम भागत असेल तर तसंच करा. कुलूप नाही खपलं तरी चालेल.

कपाट, टीव्ही, दारं

ड्रॉवर पायऱ्यांसारखे उघडून मूल वर चढलं की हलकं कपाट पुढे कोसळतं. ते आणि टीव्ही पट्ट्याने भिंतीला बांधा. इथे चिकटपट्टीचं काम नाही, भोक पाडून स्क्रूच हवा. भिंत विटांची आहे, काँक्रीटची की जिप्समची, हे आधी सांगा, कारण प्रत्येकीची गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारा भोकातला प्लग, वेगळी असते.

पावसाळ्यात वाऱ्याने दारं धाडकन आपटतात आणि बोटं सापडतात. दाराच्या वरच्या कडेला फोमचा तुकडा अडकवला की झालं. आपोआप लागणाऱ्या लॅचचा मुख्य दरवाजा असेल तर एक किल्ली शेजारी ठेवाच. आई कचरा द्यायला बाहेर, मूल आत, आणि दार लागलं, असे फोन आम्हालाही येतात. गॅस चालू असेल तर आमची वाट बघू नका, १०१ला फोन करा.

जिन्याच्या वरच्या टोकाला नुसत्या दाबावर बसणारं फाटक आम्ही लावत नाही. मुलाने अंग टाकलं की ते मुलासकट खाली जातं. चाकांचा वॉकरही घेऊ नका. कॅनडाने २००४ सालीच त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

बसवताना

चिकटणारी साधनं ज्या पृष्ठभागावर लावायची तो स्पिरिटने पुसून कोरडा करावा लागतो, आणि लावल्यावर २४ तास त्याला हात लावायचा नाही. डिस्टेंपरच्या भिंतीवर ती टिकत नाहीत. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत गोंद नीट धरत नाही, म्हणून जमलं तर पावसाळ्याआधी किंवा नंतर बोलवा. कोपऱ्यांच्या टोप्या सिलिकॉनच्या घ्या, फोमच्या टोप्या मूल कुरतडून खातं.

आम्ही येऊ तेव्हा मूल घरात असू द्या. उभं राहून त्याचा हात कुठवर पोचतो ते मोजतो आणि त्यात एक वीत वाढवून धरतो, कारण मूल भराभर वाढत असतं. दिवसभर मुलाजवळ जे असतं, मग ती आजी असो वा सांभाळणाऱ्या ताई, त्यांनीही हजर राहावं. प्रत्येक कुलूप त्यांना दोनदा उघडून दाखवतो. मूल मोठं झाल्यावर पट्ट्या काढायच्या असतील तर हेअर ड्रायरने गोंद गरम करून हळूहळू ओढा, सनमायका निघत नाही. तरी भीती वाटली तर फोन करा, आम्ही येऊन काढून देतो.