आई-बाबा नागपुरात, तुम्ही दूर: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तुम्ही पुण्यात, बंगळुरूला किंवा थेट न्यू जर्सीत. आई-बाबा प्रतापनगर, मानेवाडा नाहीतर महाल भागातल्या जुन्या घरात. आमच्या बहुतेक ग्राहकांची हीच गत आहे. ठरल्या दिवशी आमचं माणूस घरी जातं, तासभर बसतं, चार गोष्टी बघतं आणि तुम्हाला कळवतं. आमची सेवा एवढीच. या पत्रकात मात्र तुम्ही आधी काय करून ठेवायचं ते लिहिलं आहे. ती तयारी नसेल तर आमच्या भेटीचाही फारसा उपयोग होत नाही.

फोनवर सगळं ठीकच असतं

“मले काय होते बाप्पा? मी बरी आहो. तू जेवला का?” इथल्या आईचं उत्तर ठरलेलं. खोटं बोलायचं म्हणून कोणी बोलत नाही. लेकराच्या जिवाला घोर नको, एवढाच हेतू. म्हणून “गोळ्या घेतल्या का?” असं विचारू नका, उत्तर नेहमी “हो”च येतं. व्हिडिओ कॉलवर गोळ्यांची पट्टी दाखवायला सांगा. पंधरा गोळ्यांची पट्टी सोमवारी उघडली आणि पुढच्या सोमवारी तिच्यात बारा शिल्लक असतील, तर पुढे विचारायची गरज उरत नाही. तसंच “काय खाल्लं?” यापेक्षा “आज भाजी कोणती आणली, कोणाकडून आणली?” असं विचारलं की बाहेर पडणं होतं का तेही कळतं.

भेटीत आमचं माणूस हेच बघतं. फ्रिजमध्ये तीन दिवसांची भाजी आहे का, बाथरूममध्ये बसायला स्टूल आणि धरायला दांडी आहे का, रात्री पलंगापासून संडासापर्यंत उजेड असतो का, महावितरणचं बिल न उघडता टेबलावर पडलंय का. नीटनेटक्या माणसाकडे बिलं साचू लागली तर ते आम्ही लगेच कळवतो.

एक गोष्ट मात्र अहवालाची वाट बघत नाही. कालपर्यंत व्यवस्थित बोलणारं माणूस अचानक भ्रमिष्टासारखं बोलू लागलं, दिवसरात्र ओळखेनासं झालं, तर “वय झालं आता” म्हणून सोडू नका. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, एखादी नवी गोळी, साखर उतरणं, यांपैकी कशानेही असं होतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला तर थेट दवाखाना.

उन्हाळा

नागपूरकरांना वेगळं सांगायला नको, पण दहा वर्षं बाहेर राहिलेल्यांना आठवण करून द्यावी लागते. 23 मे 2013 ला इथे 47.9 अंशांची नोंद झाली होती. 45 तर मे महिन्यात सहज होतात. म्हातारपणी तहानच कमी लागते, त्यामुळे “तहान लागली की पिईन” यावर विसंबून चालत नाही. त्यातच रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. उभं राहिलं की चक्कर, मग पडणं, मग खुब्याचं हाड. एप्रिलमध्येच डॉक्टरांना विचारून घ्या की उन्हाळ्यात गोळ्यांचं प्रमाण बदलायचं का. स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि आईबाबा करत नाहीत ना तेही बघा.

दुसरा विषय कूलर. ताट्या (कूलरच्या बाजूंचं गवत) बदलणं, पंप आणि वायर तपासणं मार्चमध्येच उरकून घ्या. मेमध्ये मेकॅनिक मिळत नाही, मिळाला तर भाव खातो. लोखंडी बॉडीचा जुना कूलर असेल तर अर्थिंग बघून घ्या. पाणी भरायचं ते स्विच बंद करून, प्लग काढूनच. ओल्या हाताने चालू कूलरला हात लावून माणसं गेली आहेत. पावसाळ्यात कूलर तसाच पाण्यासकट खिडकीत राहतो आणि डेंगीच्या डासांची सोय होते. टाकी रिकामी करून पुसायला आमचं माणूस मदत करतं. कूलर दुरुस्त मात्र करत नाही.

अँब्युलन्स कोण बोलावणार?

108 ही सरकारी अँब्युलन्स महाराष्ट्रात मोफत आहे, पण बंगळुरूहून 108 फिरवला तर तो कर्नाटकात लागतो आणि अमेरिकेतून लागतच नाही. तेव्हा फोन नागपुरातल्या माणसानेच करायला हवा. शेजारी, वाचमन, समोरचा किराणावाला, ज्यांच्याकडे घराची दुसरी किल्ली आहे असे दोघं तरी ठरवा आणि त्यांना ते सांगून ठेवा. आम्ही अनेक घरांत बघतो, किल्ली शेजारच्या काकूंकडे असते आणि काकू स्वतः पुण्याला नातवंडांकडे गेलेल्या.

मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं की जवळचा खासगी दवाखाना, हेही आधीच ठरवा. गोळ्यांची यादी, ॲलर्जी, जुने रिपोर्ट आणि विमा कार्डाची झेरॉक्स एका फाइलमध्ये घालून दाराजवळ ठेवा. 70 वर्षांपुढच्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ऑक्टोबर 2024 मध्ये हे सुरू झालं. आधारवर कार्ड निघतं. आजारपणात काढायला धावण्यापेक्षा आत्ताच काढून घ्या.

पेन्शन आणि बँक

रेल्वे, एजी ऑफिस (महालेखापालांचं कार्यालय), ऑर्डनन्स फॅक्टरी, इथे निवृत्तांची काही कमी नाही. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो. केंद्र सरकारच्या 80 वर्षांपुढच्या पेन्शनरांना 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो. अंगठ्याचे ठसे झिजल्यामुळे मशीनवर जुळत नाहीत, ही नेहमीची तक्रार. जीवन प्रमाण ॲपमध्ये चेहऱ्यावरून दाखला देता येतो, मोबाइलवर, घरबसल्या. तुम्ही दिवाळीला आलात की सोबत बसून ते जमवून द्या.

पोलीस किंवा सीबीआय असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर “डिजिटल अरेस्ट” केल्याचे फोन येतात आणि एकटे राहणारे म्हातारे लोक या भामट्यांना सोपे वाटतात. कायद्यात असलं काही नसतं. “कोणी फोनवर घाबरवलं तर फोन ठेव आणि मला लाव, मी मीटिंगमध्ये असलो तरी उचलीन,” हे वाक्य आजच सांगून ठेवा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पैशांबाबत आमचा एक नियम आहे: आमचं माणूस एटीएम कार्ड, पासवर्ड, ओटीपी यांना हात लावत नाही. आईंनी आग्रह केला तरी नाही.

नागपुरातली बहीण

पुष्कळ घरांत एक भावंड इथेच असतं. रात्री अकरा वाजता दवाखान्यात तेच नेतं आणि सकाळी परदेशातून “दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं का?” असा मेसेज येतो. आम्ही फी घेणारे बाहेरचे लोक, तरी एवढं बोलतो: सल्ला देण्याआधी विचारा, “मी कोणतं काम उचलू?” औषधं ऑनलाइन मागवणं, विम्याचे कागद, बिलं भरणं, डॉक्टरांशी फोनवर बोलणं, ही कामं लांबून होतात. खर्चाचं बोलणं मोकळेपणाने करा, नाहीतर ते मनात साचतं आणि महालक्ष्म्यांच्या जेवणात भांडण होतं.

आणि आईबाबांना न विचारता काही करू नका. हॉलमध्ये कॅमेरा बसवायचा असेल तर ते रीतसर हो म्हणायला हवेत. आमचा अनुभव असा की गुपचूप बसवलेला कॅमेरा दोन दिवसांत टॉवेलाखाली जातो. आम्ही येणार हेही त्यांना आधी सांगा. “कोणी पाठवलं तुम्हाले?” या प्रश्नाने सुरू झालेली भेट चांगली जात नाही.

आमच्याकडे इंजेक्शन, ड्रेसिंग, रात्रीची सोबत या गोष्टी होत नाहीत. त्यांसाठी नर्सिंगची माणसं वेगळी लागतात. कुठे चौकशी करायची ते सांगू. ज्येष्ठांसाठी सरकारी हेल्पलाइन 14567 आहे, सकाळी 8 ते रात्री 8, मोफत.

पहिली भेट शक्यतो तुम्ही घरी असतानाच ठेवा. आठवडाभर आधी कळवा, दिवाळीच्या सुट्टीत त्याहून आधी, कारण तेव्हा सगळेच येतात. गोळ्यांची फाइल आणि दुसरी किल्ली त्या दिवशी हाताशी असू द्या. दरपत्रक सोबत जोडलं आहे.