मताधिकार व उमेदवारीचा हक्क : भारतातील कायदेशीर दर्जा

मत देण्याचा आणि निवडणूक लढविण्याचा हक्क लोकशाहीचा पाया मानला जात असला, तरी भारतीय संविधानातील मूलभूत हक्कांच्या तिसऱ्या भागात या दोहोंपैकी एकाचाही उल्लेख नाही. लोकसभा व विधानसभांच्या निवडणुका प्रौढ मताधिकाराने व्हाव्यात, हे अनुच्छेद ३२६ सांगतो. त्यातील २१ वर्षांची वयोमर्यादा एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून १८ वर आली. मतदारयादी, नामनिर्देशन, अपात्रता हा बाकीचा तपशील प्रामुख्याने १९५० व १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमांत आहे.

नामनिर्देशनपत्र फेटाळले गेल्यामुळे उद्भवलेल्या पोन्नुस्वामी खटल्यात (१९५२) हे हक्क कायद्यातून निर्माण झालेले असून कायद्याने घातलेल्या अटींच्या अधीन आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. ज्योती बसू वि. देबी घोषाल (१९८२) या निकालानेही तीच भूमिका कायम ठेवली. पुढे २००३ मध्ये उमेदवारांच्या गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या माहितीचा प्रश्न आला, तेव्हा हक्क मिळणे आणि तो बजावणे यांत फरक केला गेला : मतदान केंद्रात उभा असलेला मतदार आपली निवड करतो, ती अभिव्यक्ती होय आणि तिला अनुच्छेद १९ चे संरक्षण आहे. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय २०१३ मध्ये याच तर्कावर मान्य झाला. हा फरक काहीसा ओढूनताणून केल्यासारखा वाटतो, पण व्यवहारात त्याने मतदाराला पुष्कळ काही मिळवून दिले.

कायद्यावर विसंबलेल्या हक्काची सर्वांत विचित्र बाजू तुरुंगात दिसते. १९५१ च्या अधिनियमाच्या कलम ६२(५) नुसार कारावासात किंवा पोलिसांच्या कायदेशीर ताब्यात असलेल्यास मतदान करता येत नाही. त्यामुळे दोष सिद्ध न झालेला, केवळ जामीन न मिळालेला कच्चा कैदीही वंचित राहतो, प्रतिबंधक स्थानबद्धतेतील व्यक्तीला मात्र सूट आहे. ज्याला मत देता येत नाही त्याला उभेही राहता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले. संसदेने त्याच वर्षी दुरुस्ती करून तो निर्णय निष्प्रभ केला. परिणामी कच्चा कैदी कोठडीतून अर्ज भरून निवडून येऊ शकतो, पण स्वतःला मत देऊ शकत नाही.

उमेदवारीवरील अटी अधिक कडक आहेत. लोकसभेसाठी किमान वय २५ असून सर्वसाधारण उमेदवाराची अनामत २५,००० रुपये आहे. पराभूत उमेदवाराला वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ती जप्त होते. पंचायत पातळीवर दोन अपत्यांची आणि शिक्षणाची अट घालणारे हरियाणाचे कायदे अनुक्रमे २००३ व २०१५ मध्ये वैध ठरले. संसदेच्या उमेदवाराला मात्र यांपैकी एकही अट लागू नाही.