नाविक-सेवा, ख्रिस्ती

परक्या बंदरात उतरलेल्या खलाशांना निवारा, सोबत आणि हवी असल्यास उपासनेची सोय पुरवणारे ख्रिस्ती संस्थांचे कार्य. खलाशी कोणत्या धर्माचा, हे दारात विचारले जात नाही.

उगमाबाबत दोन मते आहेत. अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडची) परंपरा आरंभाचे श्रेय जॉन ॲशली या पाद्र्यांना देते. १८३५ च्या सुमारास इंग्लंडमधील क्लिव्हडनच्या किनाऱ्यावर त्यांच्या मुलाने, समोरच्या बेटांवरची माणसे चर्चला कशी जातात, असे विचारले आणि ॲशली ब्रिस्टलच्या खाडीत नांगरलेल्या जहाजांवर जाऊ लागले, असे सांगतात. कथा गोड आहे; पण थेम्स नदीवरचा पुरावा याहून जुना आहे. तेथे झेबेडी रॉजर्स हा जोडे शिवणारा कारागीर १८१४ पासून कोळशाच्या जहाजांवर प्रार्थनासभा घेई. सभा कोणत्या जहाजावर आहे हे कळावे म्हणून डोलकाठीला कंदील टांगत. दिवसा कंदिलाचा उपयोग नाही. म्हणून १८१७ मध्ये निळ्या कापडावर पांढऱ्या अक्षरांत ‘बेथेल’, म्हणजे हिब्रूत ‘देवाचे घर’, असे लिहिलेले निशाण आले. पुढे नौदलातून आलेले बाप्टिस्ट धर्मोपदेशक जॉर्ज चार्ल्स स्मिथ यांनी या कार्याला संघटित रूप दिले. त्यामुळे ॲशलींना प्रवर्तकापेक्षा अँग्लिकन शाखेचे जनक म्हणणे अधिक योग्य ठरावे. त्या शाखेची संस्था १८५६ ची. कॅथलिकांची ग्लासगोत १९२० मध्ये निघाली, तिला आता ‘स्टेला मॅरिस’ म्हणतात.

भारतीय व इतर आशियाई खलाशांसाठी लंडनच्या लाइमहाउस भागात १८५७ मध्ये आश्रयगृह उघडले. मुंबईचे रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम (१८७६) आज राज्य पोलीस मुख्यालय आहे.

कंटेनर जहाज आता बंदरात काही तासच थांबते. म्हणून पाद्रीच शिडी चढून वर जातात; पिशवीत सिमकार्डे, लोकरी टोप्या. वेळ असेल तर गाडीने बाजारात नेऊन आणतात.

आपल्या नागपूरला मात्र समुद्र नाही. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये येथे आले ते शाळा काढायला, आणि इथल्या मिशनचा इतिहास शाळा-दवाखान्यांभोवतीच फिरतो. इथल्या कंटेनर डेपोतून निघालेली पेटी मात्र अखेर जहाजावरच चढते. मर्चंट नेव्हीत गेलेल्या पोराच्या घरी ही सेवा एवढ्याच वाक्यातून पोचते: “आई, सीमेन्स क्लबच्या वायफायवरून बोलतोय, आवाज येतोय ना?”