पायातच अडकून राहणारी साखर

मॅरेथॉन धावणाऱ्यांच्या बोलण्यात ‘भिंत’ हा शब्द वारंवार येतो. साधारण तिसाव्या किलोमीटरच्या पुढे, तोवर लयीत पडणारी पावले एकाएकी जड होतात, वेग राखता येत नाही आणि साधी बेरीजही डोक्यात धड होत नाही. पाहणारे म्हणतात, जिद्द संपली. बहुतेक वेळा संपलेले असते ते ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर.

वास्तविक, सडसडीत धावपटूच्या अंगातही काही किलो मेद असतो, आणि एका ग्रॅम मेदातून ९ किलोकॅलरी मिळत असल्यामुळे एका शर्यतीला तो पुरून उरावा. अडते ते वेगापाशी. मेद संथपणे जळतो आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी त्याला प्राणवायूही थोडा अधिक लागतो; त्यामुळे वेग वाढला की शरीर साखरेवर अधिकाधिक विसंबते. ही साखर मात्र बेताचीच असते : स्नायूंत साधारण ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात जेमतेम १०० ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन हजार किलोकॅलरी. धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे अंदाजे १ किलोकॅलरी खर्च होते असे धरले, तर ६० किलो वजनाच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरसाठी अडीच हजार किलोकॅलरी लागतात.

त्यातही हा साठा एकसंध नाही. ग्लायकोजेन फुटून मिळणाऱ्या ग्लुकोजला फॉस्फेट चिकटलेले असते. ते सोडवणारे विकर यकृताकडे असते, स्नायूंकडे नसते. त्यामुळे दंडातले ग्लुकोज रक्तात उतरून मांडीच्या मदतीला जाऊ शकत नाही. रक्तातली साखर, जी एका वेळी अवघी चार-पाच ग्रॅम असते, टिकवण्याचा भार यकृतावरच पडतो आणि मेंदूही त्याच साखरेवर चालतो.

हे स्थानिकपण १९६६ साली स्वीडनच्या योनास बर्गस्ट्रोम आणि एरिक हुल्टमन यांनी स्वतःच्याच मांड्यांवर दाखवून दिले. एकाच सायकलीच्या दोन बाजूंना बसून प्रत्येकाने एकाच पायाने, दमून थांबेपर्यंत पेडल मारले आणि मग सुईने दोन्ही मांड्यांतील स्नायूचे कण काढून तपासले. श्रमलेला पाय जवळजवळ रिकामा होता, तर विसावलेल्या पायातला साठा तसाच होता. पुढचे तीन दिवस कर्बोदकांनी भरलेला आहार घेतल्यावर रिकामा झालेला पाय नुसता भरला नाही. दुसऱ्या पायाच्या सुमारे दुप्पट साठा त्यात जमला. शर्यतीआधी कर्बोदके वाढवण्याची पद्धत याच निरीक्षणातून रुजली. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणीही साठते, म्हणून त्या दिवसांत वजनकाटा किलोभर पुढे सरकतो आणि धावपटू उगाच धास्तावतात.

लांब पल्ल्यात वाटेत घेतलेली कर्बोदकेही उपयोगी पडतात. सामान्यतः ताशी ३० ते ६० ग्रॅम सुचवले जातात. आतड्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगवेगळ्या मार्गांनी शोषले जात असल्यामुळे दोन्ही एकत्र घेऊन ९० ग्रॅमपर्यंत मजल मारता येते, पण सवय नसलेले पोट त्याविरुद्ध लगेच तक्रार करते.

आता जिद्दीविषयी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सायकलपटूंनी तासाभराच्या शर्यतीत कर्बोदकयुक्त द्रावणाने फक्त चूळ भरली, थेंबही न गिळता ते थुंकून टाकले, आणि तरीही ते नुसत्या पाण्याने चूळ भरण्याच्या तुलनेत अधिक वेगाने गेले. तोंडातल्या संवेदकांनी मेंदूला इंधन येत असल्याची वर्दी दिली असावी. स्नायूंपर्यंत तर काहीच पोहोचले नव्हते.