धरण आटतं तेव्हा डायटमचं काय होतं?

हिवाळ्यात नाथसागराच्या काठाशी पाण्यातला दगड उचलला आणि त्यावर तपकिरी, बुळबुळीत थर लागला, तर तो बहुधा डायटमचा. सूक्ष्मदर्शकाखाली लांबट, टोकांना निमुळत्या सोनेरी पेशी दिसतात; काही चक्क सरकत असतात. हे एकपेशीय शैवाल, पण कवच सिलिकाचं. ही सिलिका येते खडक झिजून. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टचा, त्यामुळे कवचाच्या कच्च्या मालाची इथे ददात नाही. अडतं ते उन्हाळ्यात.

पाणी तापेल तसं पेशींचं विभाजन वाढतं. ढोबळमानाने दर १० अंशांना वेग जवळपास दुप्पट. पण प्रत्येक जातीला एक मर्यादा असते. तिथपर्यंतची वाढ सावकाश होते, पुढची घसरण मात्र एकदम. म्हणून गारठ्यातली मंदी डायटमला परवडते, चैत्र-वैशाखातले दोन-चार जादा अंश परवडत नाहीत. तिशीपुढच्या उथळ पाण्यात मग बऱ्याचदा हिरवं शेवाळ आणि नीलहरित जीवाणू वरचढ होतात.

त्यात पाणी आटतं. वाफ उडून जाते, क्षार तिथेच उरतात. गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी क्षार असतात, समुद्रात ३५ ग्रॅम. बाहेर क्षार वाढले की काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातल्यावर सुटतं तसं पेशीतलं पाणी बाहेर येऊ लागतं. ते थोपवायला पेशी प्रोलिनसारखी द्रव्यं साठवते. त्यात शक्ती खर्च होते आणि वाढ मंदावते. एरवी सोसणारं तापमान अशा वेळी बरेचदा जड जातं. सायक्लोटेला मेनेघिनियानासारख्या जाती मात्र मचूळ पाण्यातही तग धरतात. कोणती जात किती खारेपणा सोसते यावरून रॉबर्ट कोल्बे यांनी १९२७ मध्येच डायटमची वर्गवारी मांडली होती.

बाटलीभर पाण्याची तपासणी त्या दिवसापुरतं सांगते. दगडावरचा थर मागच्या काही आठवड्यांचा हिशेब देतो. मला तरी दुसरा पुरावा जास्त मोलाचा वाटतो. शिवाय डायटम मेला तरी कवच गाळात टिकू शकतं, आणि कोणत्या थरात कोणत्या जाती सापडतात यावरून जुन्या दुष्काळांचा माग काढता येतो. तलावातला गाळ उपसून ट्रॅक्टरने शेतात नेतात, त्याबरोबर ही कवचंही जातात. पिकाला त्याचा फायदाच आहे, पण थर एकदा कालवले गेले की त्यांचा क्रम परत लावता येत नाही. पोकलेन उतरण्याआधी एक उभा नमुना काढून ठेवायला फार तर एक सकाळ लागेल.